नावाला हजर

साडेदहा वाजून गेले तरी चेमाचा पत्ता नव्हता. यादिराने पाच वेळा फोन लावून पाहिला. चार वेळा तो नुसता वाजत राहिला, पाचव्या वेळी वाजलाच नाही.

"येईल गं," देल्फिना म्हणाली. "तुझा नवरा स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा आला होता. विसरलीस?"

"कशी विसरेन, आत्या? चर्चच्या पायरीवर मीच उभी होते ना." यादिरा हसली नाही. कडेवरच्या पोरीची टोपी तिने उगाचच तिसऱ्यांदा नीट केली. "पहाटे सहाला गेलाय. माझ्या आईकडून सगळ्यांच्या जेवणाची तमाल्यांची पातेली आणायची, एवढंच काम. चौदा मैल."

चौदा मैल एरवी काहीच नव्हेत. पण जानेवारीतलं हे धुकं आभाळातून येत नाही, ओल्या जमिनीतून वर येतं, आणि एकदा का द्राक्षमळ्यांवर बसलं की चार-चार दिवस हलायचं नाव घेत नाही. नऊ नव्या घरांपैकी त्या घटकेला तीनच दिसत होती. चौथ्याचं नुसतं दार दिसायचं, भोवती भिंत नाहीच. आवाजांचं तर काही विचारू नका. अर्ध्या मैलावरच्या कालव्याचं पाणी पायाशी वाहतंय असं वाटायचं आणि शेजारचा माणूस बोलला तर पार रस्त्यापलीकडून बोलल्यासारखा. लहानपणापासून देल्फिनाला या धुक्याची धास्ती होती, आणि शेहेचाळीस वर्षांची झाली तरी ती गेली नव्हती.

अंगणात सामानाच्या गाड्या लागल्या होत्या. गाद्या, फ्रिज, पिंजऱ्यातल्या कोंबड्या, चादरीत गुंडाळलेली मरियामाता. भाड्याच्या खोल्या सगळ्यांनी कालच खाली केल्या होत्या. आता परत जायला जागाच नव्हती.

संस्थेचं नावच 'तोदोस हुंतोस', सगळे मिळून, आणि नियमही तोच. गटातल्या सगळ्यांनी सगळ्यांची घरं बांधायची, शनिवार-रविवार, वर्ष-सव्वा वर्ष, आणि शेवटच्या घराचा शेवटचा खिळा बसत नाही तोवर पहिल्या घरातसुद्धा कुणी झोपायचं नाही. मग किल्ल्यांच्या दिवशी हजेरी. ज्याच्या नावावर घर, त्याने स्वतःच्या तोंडाने 'हजर' म्हणायचं. सगळे हजर तर सगळ्यांना किल्ल्या. एक कमी पडला तर कुणालाच नाही. सहासष्ट साली कापूस वेचणाऱ्या अकरा कुटुंबांनी, छावणीतल्या पत्र्याच्या खोल्यांत राहून, हे ठरवलं. जवळ होतं काय, तर हॉलिस नावाचा एक भला म्हातारा आणि सरकारी कर्जाचा कागद. त्यानंतर त्रेचाळीस गट झाले, चारशेवर घरं उभी राहिली. आणि हा नियम पन्नास वर्षांत एकदाही मोडला नाही, असं देल्फिना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. संस्थेचा कारभार अकरा वर्षं तिच्याकडे होता. पन्नाशीच्या पुस्तिकेत तिने पहिल्याच पानावर तेच वाक्य छापलं होतं.

मकारिओ तिच्याकडे आला तेव्हाच तिला कळलं की आता काहीतरी निघणार. तिचा हा थोरला भाऊ सगळ्या गटांचा मुकादम. भिंती उभ्या करायला तोच शिकवायचा. 'मी शिकवतो आणि ही भाषण करते' हे त्याचं पालुपद, आणि चेमा त्याचा एकुलता एक मुलगा.

"साहेब बाराला निघणार म्हणतोय," मकारिओ म्हणाला. कर्ज खात्याचा सरकारी साहेब ओसरीवर उभा होता, पत्र्याची पेटी काखेत, नजर घड्याळावर. "आज गेला की परत दोन आठवड्यांनी. ही आठ कुटुंबं दोन आठवडे काय गाडीत झोपणार?"

"मग काय करू म्हणतोस, दादा?"

"हजेरी घे. चेमाच्या नावाला मी हजर म्हणतो. बाप आहे मी त्याचा. आडनाव एक, रक्त एक."

"नियम काय आहे?"

"नियम मला शिकवू नकोस. मी या वस्तीत जन्मलेलं पहिलं मूल आहे. तू यायच्या आधी चार वर्षं मी हा नियम खाऊन-पिऊन बसलोय."

ते खरं होतं. मकारिओचा जन्म संस्थेच्या पहिल्या घरात, घर ताब्यात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात. त्याचा तो लंगोटातला फोटो संस्थेच्या प्रत्येक दिनदर्शिकेवर असायचा, आणि माणूस त्या फोटोवरच पन्नास वर्षं जगत आलाय, असं देल्फिना मनात म्हणायची.

"बाबा बरोबर बोलताहेत, आत्या," यादिरा हळूच म्हणाली. "चेमा वाटेतच असेल. पोरीला खोकला आहे. रात्री हिला गाडीत कशी झोपवू?"

यादिरा कधी सासऱ्याच्या बाजूने बोलायची नाही. घरातल्या एका लग्नात दोघांचं भांडण झाल्यापासून तर नाहीच नाही. ती बोलली तेव्हा देल्फिनाचं अर्धं बळ गेलं.

तेवढ्यात बाल्दोमेरो आला. सात नंबरचं घर त्याचं, जिभेला हाड नाही. "काय, आरेदोंदो मंडळी? घरचं कार्य आहे म्हणून उशीर का? माझ्या कोंबड्यांनी गाडीत दोन अंडी घातली. आणखी थोडं थांबलो तर पिल्लं काढून आत जाऊ."

"घेतोय हजेरी," मकारिओने परस्पर सांगून टाकलं.

देल्फिना आईकडे बघत राहिली. ओतिलिया ओसरीच्या कडेला खुर्चीत बसली होती, गुडघ्यांवर रजई, हातात नावांची यादी. वय अठ्ठ्याहत्तर. हॉलिस गेल्यापासून नावं वाचायचा मान तिचा. सकाळपासून ती एक अक्षर बोलली नव्हती. धुक्याच्या दिवशी ती नेहमीच अशी गप्प असायची.

"आई, वाचतेस?"

ओतिलियाने मान हलवली आणि वाचायला सुरुवात केली. म्हातारीचा आवाज अजून खणखणीत होता. नाव यायचं, 'हजर' यायचं, आणि प्रत्येक वेळी त्या घरची पोरंटोरं टाळ्या वाजवायची. बाल्दोमेरो 'हजर, आणि केव्हाचा' म्हणाला तशी हशा पिकली. आठ झाली.

"होसे मारिया आरेदोंदो," ओतिलिया म्हणाली. चेमाचं कागदावरचं नाव.

मकारिओने तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच, कालव्याच्या बाजूने, धुक्यातून आवाज आला.

"हजर."

मोठा नाही, ओरडून नाही. दारात उभं राहून बोलावं इतका साधा.

"आला बाई एकदाचा," कुणीतरी म्हणालं, आणि अंगणभर सुस्कारे सुटले. पोरांनी टाळ्या पिटल्या. यादिरा पोरीला घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत धावली. "चेमा? गाडी कुठे लावलीस?"

उत्तर आलं नाही. गाडीचं दार वाजलं नाही, पाऊलही वाजलं नाही.

"लावत असेल पलीकडे," मकारिओ म्हणाला. "पातेली उतरवायला मी जातो. साहेब, उघडा पेटी."

साहेबाने पेटी उघडली. खोटं कशाला बोला, देल्फिनालाही तसंच वाटून घ्यायचं होतं. आवाज आला, सगळ्यांनी ऐकला, संपलं. पण चेमाचा आवाज जाडा, थोडा नाकातला. हा तसा नव्हता. आणि ओळखीचा तर होता. कुठे ऐकला, कुठे ऐकला म्हणून ती आठवायला लागली आणि तिच्या हातांवर काटा आला.

"देल्फिना." आईने तिची बाही धरली होती. "साहेबाला म्हणावं, किल्ली देऊ नको."

"का गं, आई?"

"तो चेमा नव्हता."

मकारिओ वळला. "आई, सगळ्यांनी ऐकलं. तुला कानाने कमी येतं."

"मला चांगलं ऐकू येतं. बाईचा आवाज होता तो. जरा घोगरा करून काढलेला. तोंडावर शाल धरून."

"कुठली बाई? कोण होती?"

ओतिलियाने यादीची घडी घातली. "मी."

यादिरा परत आली होती. ती म्हातारीकडे बघत राहिली, मग देल्फिनाकडे. मकारिओ कपाळाला हात लावून हसला, पण ते हसू फार टिकलं नाही.

"आई, तू इथे खुर्चीत बसली होतीस. नाव वाचत होतीस."

"मी इथेच होते रे. आवाज मात्र माझा होता. अठ्ठाविसाव्या वर्षीचा. आपला आवाज माणसाला कळतो." तिने मकारिओला जवळ बोलावलं. तो आला नाही, तेव्हा तिथूनच बोलायला लागली. "तुम्हा दोघांना मी एवारिस्तोकाकाचं काय सांगितलंय?"

"हजेरीला आले," देल्फिना म्हणाली, "हजर म्हणाले, मग धुक्यात एकटेच चालत गेले, ते तिसऱ्या दिवशी कालव्यात सापडले." घरात सगळे इतकंच बोलायचे. त्यापुढे कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण बाबांचं तोंड बघवायचं नाही.

"तो हजेरीला आलाच नाही. सकाळी गावात पाव आणायला गेला, सगळ्यांना खाऊ म्हणून. तुमच्या बाबांच्या पाठचा भाऊ. त्याची होणारी बायको वसंतात गावाकडून, मिचोआकानहून यायची होती, तिच्यासाठी घर बांधत होता. किल्ल्यांच्या वेळी धुकं असंच होतं. हॉलिस म्हणाला, एक नाव कमी पडलं तर कुणालाच नाही, पुढच्या महिन्यात बघू." ती थांबली. गुडघ्यांवरची रजई तिने वर ओढून घेतली. "आदल्या जानेवारीत माझी आम्पारो त्या पत्र्याच्या खोलीत गारठून गेली. दहा महिन्यांची. सकाळी उठवायला गेले तर... आणि मकारिओ, तू पोटात होतास, आठवा सरत होता. मला आणखी एक महिना त्या पत्र्याखाली काढायचा नव्हता. एवारिस्तोचं नाव वाचलं. कुणीच बोलेना. मी शाल तोंडावर घेतली आणि म्हटलं, हजर."

"आणि बाबा?" मकारिओने विचारलं.

"त्यांना वाटलं तोच बोलला. मागे कुठेतरी उभा असेल. मरेपर्यंत ते शपथेवर सांगायचे, मी माझ्या भावाचा आवाज ऐकला. मी त्यांना तसं समजू दिलं."

यादिराने पोरीला घट्ट धरलं.

"हजर आहे म्हटल्यावर कुणी शोधायला गेलंच नाही," ओतिलिया म्हणाली. "संध्याकाळी वाटलं, दारू प्यायला गेला असेल, आनंदात. तिसऱ्या दिवशी दरवाजापाशी सापडला, कालव्याचं पाणी सोडतात तिथे. पाय मोडलेला. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत जिवंत असणार. सिमेंटच्या भिंतीला नखं घासून घासून बोटं सोलली होती. इथून अर्धा मैल, मकारिओ. आम्ही टाळ्या वाजवत होतो ते त्याला ऐकू जात असेल."

मकारिओ कालव्याकडे वळला. देल्फिनाला त्याची मान दिसत होती, ती लाल होत गेली. तिला एकदम बाबांची आठवण झाली. सगळी हयात ते जेवायलासुद्धा कालव्याकडे पाठ करून बसायचे आणि पोरांना वाटायचं की त्यांना उन्हाचा त्रास होतो.

"लवकर करा," साहेब ओसरीवरून म्हणाला. "एक नंबर कोण?"

ओतिलिया उठून उभी राहिली. रजई पायाशी पडली. "होसे मारिया आरेदोंदो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गैरहजर."

एवढ्या वर्षांत हा शब्द त्या हजेरीत कुणी ऐकला नव्हता. अंगणात गलका झाला. बाल्दोमेरो पुढे आला, आता चेष्टा नव्हती त्याच्या बोलण्यात. "ओतिलियाबाई, हा काय पोरखेळ लावलाय? सगळ्यांनी ऐकलं. हजर म्हणाला तो."

"मग हात धरून आणा त्याला इथे."

"गाडी लावत असेल..."

"बाल्दोमेरो, हात धरून आण. मी इथे उभी आहे."

तो धुक्याकडे बघायला लागला. सगळेच बघायला लागले. पाच मिनिटं होऊन गेली होती आणि कुणी आलं नव्हतं. एका पोराने आईला विचारलं, "मग बोललं कोण?" आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

"आठ जणांची घरं एका माणसापायी अडकवायची?" मागून कुणीतरी म्हणालं. "वर्षभर पाठ मोडून काम केलंय आम्ही."

"आणि त्याने नाही केलं?" यादिरा कडाडली. ती आता म्हातारीच्या शेजारी जाऊन उभी होती. "तुमच्या छपरावर जुलैच्या उन्हात कोण चढलं होतं? आत्या, पोरीला धरा. मी जाते."

"तू थांब," मकारिओ म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. त्याने आईकडे पाहिलंच नाही. "सगळे चला. हातात हात धरायचा आणि कालव्याच्या काठाकाठाने जायचं. दोर आणा कुणीतरी."

"आवाजामागे जाऊ नका," ओतिलियाने बजावलं. "काहीही ऐकू आलं तरी. पाण्याचा काठ सोडू नका. हाताला माणूस लागेल तोच माणूस."

देल्फिनाने पोरीला शेजारच्या बाईकडे दिलं आणि रांगेत शिरली. पुढे मकारिओ, मग यादिरा, मग ती, तिच्या मागे बाल्दोमेरो, आणि पार शेवटी साहेबसुद्धा, पेटी ओसरीवर ठेवून. अंगण मागे पडलं तसा सगळ्यांचा बोलण्याचा धीरही गेला. यादिराची पाठ दिसत होती, त्यापुढे पांढरं. उजव्या हाताला पाणी. डाव्या हाताला बदामाची झाडं असायला हवी होती, त्यांच्या खोडांचे काळे तुकडे मधूनच पुढे यायचे आणि मागे जायचे.

"चेमा," मकारिओने हाक मारली.

"हजर." डावीकडून, बागेतून.

यादिरा झटकन तिकडे ओढली गेली. देल्फिनाने तिचा हात सोडला नाही, मनगट पिरगाळलं गेलं तरी सोडला नाही. "तिकडे नाही. तिकडे पाणी नाही, यादिरा. तो बागेत कशाला जाईल?"

"तो बोलला ना, आत्या. तुम्ही ऐकलं ना."

"ऐकलं," देल्फिना म्हणाली. आता तिला पक्कं कळलं होतं. लहानपणी याच आवाजाने तिला अंगाई म्हटली होती. "तो तुझा नवरा नाही."

"हजर," मागून आवाज आला. बाल्दोमेरोची पकड एकदम घट्ट झाली. तो पुटपुटत प्रार्थना म्हणायला लागला, आणि त्याच्या मागची माणसंही. मग हजर बागेतून आलं, मग पुढून, मग अगदी जवळून, जणू रांगेतच कुणी हात धरून चाललंय. देल्फिनाने मागे वळून पाहिलं नाही. ती पावलं टाकत राहिली आणि मनात एकच घोकत राहिली, पाणी उजवीकडे, पाणी उजवीकडे.

कालव्याच्या दरवाजापाशी मकारिओ थांबला. काठावरचं गवत चाकांनी चिरडलं होतं. खाली, पाण्यात नाक खुपसून, चेमाची गाडी उभी होती, आणि भोवती तमाले ज्यात गुंडाळून वाफवतात ती मक्याची पानं तरंगत होती.

मकारिओने दोर कमरेला बांधला आणि कुणाला काही न सांगता उतरला. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण सिमेंटच्या उतारावरून पोरासारखा खाली गेला. खिडकीतून हात आत घातला. वर सगळे श्वास धरून उभे.

"लागला हात," त्याने खालून सांगितलं. आणि मग बऱ्याच वेळाने, "गरम आहे."

वर काढायला पाऊण तास लागला. चेमा छातीपर्यंत पाण्यात अडकला होता, एक पाय गाडीच्या पत्र्यात, ओठ निळे. नवव्या घराच्या ओसरीवर आणून सगळ्यांनी आपापल्या गाडीतल्या रजया त्याच्यावर टाकल्या. रुग्णवाहिका धुक्यामुळे पुढे एक माणूस पायी चालवत हळूहळू येत होती, तिला अजून वेळ होता. यादिरा त्याचे हात चोळत होती आणि एकीकडे शिव्या देत होती, रडत होती.

"ओरडायचं नाही का, मेल्या?"

"आवाजच फुटेना." चेमाचे दात वाजत होते. "आजीने नावं वाचली ती ऐकू आली. सगळी. माझं वाचलं तेव्हा म्हटलं, आता शोधतील. तर शेजारी कुणीतरी हजर म्हणालं."

"कुठे शेजारी?"

"गाडीत. माझ्या कानाशी. बाईमाणूस होतं." तो डोळे मिटून घेत म्हणाला, "आणि मग तुम्ही टाळ्या वाजवल्या."

देल्फिनाने आईकडे पाहिलं. ओतिलियाने ते ऐकलं होतं. ती खुर्चीतून उठली, नातवाजवळ आली, रजईखाली हात घालून त्याच्या छातीवर ठेवला.

"होसे मारिया आरेदोंदो."

"हजर, आजी." जाडा, नाकातला आवाज.

तिने हात काढला नाही. तशीच उभी राहून तिने बाकीची आठ नावं वाचली, आणि प्रत्येकाला जवळ यायला लावलं, प्रत्येकाचा हात हातात घेतला. कुणी कुरकुर केली नाही. साहेबाच्या पँटमधून पाणी ठिबकत होतं, तो पेटी उघडून गप्प उभा होता. बाराचे दोन वाजले होते.

नऊ झाली. लोक किल्ल्यांकडे बघायला लागले. ओतिलिया म्हणाली, "अजून एक."

"आई," देल्फिना हळूच म्हणाली.

"एवारिस्तो आरेदोंदो."

आता त्या लोकांची रीत अशी, की मेलेल्याचं नाव चारचौघांत घेतलं की सगळ्यांनी मिळून 'हजर' म्हणायचं. कबरीशी म्हणतात, चर्चमध्ये म्हणतात, संपाच्या मिरवणुकीत म्हणतात. तो मान असतो. बाल्दोमेरोने टोपी काढली, सगळ्यांनी श्वास घेतला, शब्द ओठांवर आला होता.

ओतिलियाने हात वर केला. "नको. कुणी बोलू नका. या नावाला एकदा दुसरीनेच उत्तर दिलंय." मग तिने अंगणातल्या माणसांना सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर. शाल, पत्र्याची खोली, आम्पारो, पोटातलं मूल. एकही शब्द कमी केला नाही. पन्नाशीच्या पुस्तिकेचे गठ्ठे ओसरीवर तसेच पडले होते आणि देल्फिनाला त्यांच्याकडे बघवेना.

सांगून झालं तेव्हा म्हातारी धुक्याकडे तोंड करून उभी राहिली. "एवारिस्तो आरेदोंदो," ती पुन्हा म्हणाली, आणि थांबली. सगळेच थांबले. कालव्याचं पाणी ऐकू येत होतं. देल्फिनाने मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. कुठूनही आवाज आला नाही, बागेतून नाही, मागून नाही.

"गैरहजर," ओतिलिया म्हणाली. "द्या आता किल्ल्या."

साहेबाने किल्ल्या दिल्या. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पण हळूहळू एकेक दार उघडलं, गाद्या आत जायला लागल्या, कुठल्यातरी घरात पोरं रिकाम्या खोलीत ओरडून बघायला लागली. बाल्दोमेरोच्या कोंबड्या ओरडत आत गेल्या. रुग्णवाहिका येऊन चेमाला आणि यादिराला घेऊन गेली. ओसरीवर तिघंच उरली.

ओतिलिया खुर्चीत बसली होती. सकाळपेक्षा लहान दिसत होती ती. धुकं आता तिच्या चपलांपर्यंत आलं होतं आणि तिचे डोळे अधू, चार हातांवरचंही तिला नीट दिसायचं नाही.

"मकारिओ?" तिने विचारलं.

तो तीन पावलांवर उभा होता, ओसरीच्या खांबाला टेकून, अंगावर ओले कपडे तसेच. त्याने ऐकलं होतं. 

"मकारिओ, आहेस का रे?"

आहे आई, इथेच आहे, असं देल्फिनाच्या अगदी तोंडाशी आलं. तिने तोंड मिटून घेतलं आणि भावाकडे बघत राहिली.